नव्या नोकरीतली संध्याकाळ आणि जुना सिनेमा: विसाव्या मिनिटाला पेंग का येते?

अर्धविराम

नवी नोकरी लागल्यावरचे पहिले सहा-आठ आठवडे विचित्र असतात. प्रत्यक्ष काम फारसं अंगावर पडलेलं नसतं, पण नावं, चेहरे, पासवर्ड, कोणती फाइल कुठे, कोणाला काय विचारायचं आणि कोणाला चुकूनही विचारायचं नाही, हे सगळं एकदम डोक्यात ओतलं जात असतं. संध्याकाळी काहीतरी निवांत पाहावं म्हणून १९४०-५० च्या काळातला सिनेमा लावावा, तर विसाव्या मिनिटाला मान छातीवर. मग "जुने सिनेमे संथच" असा शेरा मारून लोक मोकळे होतात.

माझ्या मते यात सिनेमाचा दोष थोडा. टीव्हीची सेटिंग, न कळणारा आवाज, चुकलेलं वेळेचं गणित आणि डोक्यात घरी आणलेलं ऑफिस, हे खरे गुन्हेगार. या धाग्यात त्यावर नेमकं लिहावं: काय बदलायचं, किती बदलायचं, नाही बदललं तर काय बिघडतं. आवडत्या सिनेमांच्या याद्या नकोत, त्यांचे धागे पुष्कळ आहेत.

सुरुवात वेळेपासून करतो. हिशोब सकाळकडून मागे यायला हवा. साडेसहाला उठायचं आणि साडेसात तास झोप हवी, तर अकराला झोप लागलेली पाहिजे. पडदा बंद झाल्यापासून पाऊण तास सुटा ठेवा. सिनेमा संपल्या संपल्या झोप येत नाही, तो थोडा वेळ डोळ्यांपुढे चालूच राहतो. म्हणजे सव्वादहाला बंद. साडेआठला लावला तर १०५ मिनिटं मिळतात, त्यातली पंधरा फोन आणि उठबस खाते. हातात उरतात ९०. दोन तास दहा मिनिटांचा सिनेमा यात कोंबायला गेलं की शेवटचा अर्धा तास झोपेत जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळची मीटिंग जांभयांत.

---

रीळवाला

९० मिनिटांचा हिशोब पटला. पण लांब सिनेमा सोडून द्यायची गरज नाही, दोन संध्याकाळी वाटून घ्या. तुकड्यांत पाहणं काही जणांना पाप वाटतं. त्यांनी रिळांचा हिशोब बघावा.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, बसतात. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. १,००० फुटांचं रीळ ११ मिनिटांत संपतं. नंतर सर्रास वापरात आलेलं २,००० फुटांचं मोठं रीळ काठोकाठ भरलं तर २२ मिनिटं. प्रत्यक्षात १८ ते २०. दोन तासांचा सिनेमा म्हणजे अशी सहा-सात रिळं, आणि ती दोन प्रोजेक्टरांवर आलटून पालटून चढवली जायची.

जुन्या प्रिंटवरून केलेली कॉपी असेल तर उजव्या वरच्या कोपऱ्याकडे लक्ष ठेवा. रीळ संपायला साधारण ८ सेकंद असताना तिथे एक गोल ठिपका चमकतो: दुसऱ्या प्रोजेक्टरची मोटर चालू करा. शेवटच्या सेकंदाच्या आसपास दुसरा ठिपका: आता बदला. एकेक खूण चारच फ्रेमची, म्हणजे सेकंदाचा सहावा भाग. पापणी लवली की हुकली.

हा सांधा धोक्याचा. ऑपरेटरची वेळ चुकली तर संवादाचा तुकडा जायचा, आणि रिळाची दोन्ही टोकं सगळ्यात जास्त हाताळली जात असल्यामुळे फिल्म झिजायची, तुटायची ती तिथेच. म्हणून शक्यतो चालू वाक्यावर किंवा गाण्याच्या मध्ये रीळ न तोडता प्रसंग बदलतो तिथे तोडत. तुम्हालाही थांबायला जागा तीच.

खुणा साफ केलेली नवी कॉपी असेल तर फेड शोधा. जुन्या सिनेमांत याचं व्याकरण बरंच पक्कं आहे. पडदा पूर्ण काळा होऊन पुन्हा उजळला, तर प्रकरण संपलं. एक चित्र दुसऱ्यात विरघळलं, तर थोडा वेळ सरला पण गोष्ट तीच चालू आहे. ४० ते ६० मिनिटांच्या दरम्यान येणाऱ्या फेडवर थांबा, विरघळण्यावर नको. दुसऱ्या दिवशी लावताना २-३ मिनिटं मागून लावा. मधे दोन दिवसांहून जास्त गेले तर सरळ पहिल्यापासून पाहा, नाहीतर निम्मी डोकेफोड "हा कोण?" यात जाते.

आणि छोटे सिनेमे शोधा की! १९३० आणि ४० च्या दशकांत हॉलिवूडमध्ये मुख्य सिनेमाच्या जोडीला दाखवायला म्हणून बनलेले सिनेमे बहुतेक ६० ते ७५ मिनिटांचे असत. मूकपटांच्या काळातले दोन रिळांचे विनोदी सिनेमे तर वीस-पंचवीस मिनिटांत आटपतात. नोकरीच्या पहिल्या पंधरवड्याला ते उत्तम.

---

झोपाळू_हत्ती

हे सगळं ठीक, पण संथ ते संथच ना? माणूस दारातून आत येतो, टोपी काढतो, काठी ठेवतो, मग बोलायला सुरुवात करतो. तोवर इथे घोरणं सुरू.

---

रीळवाला

@झोपाळू_हत्ती, गंमत अशी की टोपी काढताना तो काहीतरी सांगत असतो. १९३० ते ६० च्या दरम्यानच्या हॉलिवूड सिनेमात एक शॉट, म्हणजे न कापता चाललेला तुकडा, सरासरी ८ ते ११ सेकंदांचा असे. अलीकडच्या व्यावसायिक सिनेमात तो ३ ते ५ सेकंदांवर आला आहे. दर तीन सेकंदांनी नवीन चित्र मिळायची सवय झालेला डोळा दहा सेकंदांच्या शॉटमध्ये पहिल्या तीनातच "पाहून झालं" म्हणतो. पण त्या शॉटमध्ये कापाकापी नसली तरी माणसं फिरत असतात: एक पुढे येतो, दुसरा पाठ फिरवतो, मागच्या दारात तिसरा उभा राहिलेला असतो. बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे बघायची सवय लावा. पहिल्या पंधरा मिनिटांत वेग जुळतो. नाही जुळला तर बहुधा टीव्ही बिघडवतोय, त्यावर आपला चौथा_कोन लिहीलच.

---

चौथा_कोन

हाक ऐकली. रिमोट घ्या आणि याच क्रमाने जा, कारण पहिल्या दोन गोष्टींतच ऐंशी टक्के रोग बरा होतो.

पहिलं, हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग बंद. सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन, सॅमसंगमध्ये ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी. हे सेटिंग २४ फ्रेमच्या मधे स्वतः बनवलेल्या फ्रेम घुसवतं. परिणामी १९४८ सालचा सिनेमा कालच्या मालिकेसारखा दिसतो, आणि ओरखडे असलेल्या कॉपीत तर ते ओरखड्यांनाच वस्तू समजून हलवायला जातं, मग माणसाच्या कडेने पाण्यासारखं काहीतरी लवलवतं. टीव्हीत फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. २०१९ मध्ये जाहीर झालेला हा मोड हालचालीची, धारेची आणि नॉइजची (चित्रातल्या दाण्या-ठिपक्यांची) सगळी ढवळाढवळ एका झटक्यात बंद करतो आणि चित्राचं प्रमाणही बदलू देत नाही.

दुसरं, चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण. बोलपटाच्या सुरुवातीच्या काळात, १९३२ पासून, १.३७ : १ हे प्रमाण रुळलं, त्याआधीच्या मूकपटांचं १.३३, म्हणजे ४ : ३. आजचा टीव्ही १६ : ९. बरोबर दाखवलं तर ४ : ३ चं चित्र पडद्याची ७५ टक्के रुंदी घेतं आणि दोन्ही बाजूंना साडेबारा-साडेबारा टक्के काळ्या पट्ट्या उरतात. त्या असायलाच हव्यात. पट्ट्या बघवत नाहीत म्हणून "झूम" केलं की वरून-खालून मिळून चित्राचा पाव भाग कापला जातो. सगळ्यात आधी कपाळं जातात, मग हात, आणि या सिनेमांत निम्मा अभिनय हातांचा. "फुल" किंवा "वाइड" करून ताणलं तर प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने जाड. दिवसभर नवे चेहरे लक्षात ठेवून दमलेल्या डोक्याला हे चपटे चेहरे ओळखायला लावणं म्हणजे छळच.

उलटा प्रकार रुंद पडद्याच्या सिनेमांचा. १९५३ मध्ये सिनेमास्कोप आलं, आधी २.५५ आणि पुढे २.३५ प्रमाणात. अशा सिनेमाची टीव्हीसाठी केलेली जुनी ४ : ३ कॉपी मिळाली तर पाहू नका. २.३५ च्या मूळ चित्राच्या रुंदीतला ४३ टक्के भाग तिच्यात नसतो. दोन माणसं बोलत असतात आणि तुम्हाला एक नाक आणि मधली फुलदाणी दिसते.

तिसरं, ओव्हरस्कॅन. बरेच टीव्ही चित्र थोडं फुगवून कडांचे २ ते ५ टक्के खातात. मेन्यूत "जस्ट स्कॅन", "स्क्रीन फिट" किंवा "फुल पिक्सेल" अशा नावाचं काहीतरी असतं, ते चालू करा. सुरुवातीच्या नामावलीत कडेची अक्षरं कापलेली दिसली तर हाच रोग.

चौथं, रंगाचं तापमान. कृष्णधवल सिनेमा निळसर दिसत असेल तर टीव्ही "कूल" किंवा "स्टँडर्ड" वर आहे. "वॉर्म २" किंवा "वॉर्म ५०" वर न्या, म्हणजे ६,५०० केल्विनच्या, दिवसाच्या उजेडासारख्या पांढऱ्याच्या, जवळ याल. पहिली दहा मिनिटं पिवळट वाटेल. तेवढी सोसा.

धार, म्हणजे शार्पनेस, काही टीव्हीत शून्यावर तटस्थ असते तर काहींत ५० वर. ओळखायची खूण: नामावलीतल्या पांढऱ्या अक्षरांभोवती काळी किंवा चमकती किनार दिसली की धार जास्त झाली. किनार जाईपर्यंत कमी करा.

---

मीनाक्षी_पाहते

रात्रीचे प्रसंग दिवसासारखे का दिसतात? नायक कंदील घेऊन चाललाय आणि अंगणात लख्ख सावल्या!

---

चौथा_कोन

ते दिवसाच चित्रित केलेलं असतं. उन्हात कॅमेऱ्याला कमी प्रकाश घेऊ देत, साधारण दीड-दोन स्टॉप कमी (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). कृष्णधवल फिल्म असेल तर लाल फिल्टर लावून आकाश काळं करत, रंगीत असेल तर निळसर छटा देत. थिएटरच्या अंधारात ते रात्र म्हणून खपायचं. तुमच्या टीव्हीत "डायनॅमिक कॉन्ट्रास्ट" किंवा खोलीतल्या उजेडाप्रमाणे चित्र बदलणारा सेन्सर चालू असेल तर तो दाबलेला प्रकाश उचलून वर आणतो आणि रात्रीचा दिवस होतो. दोन्ही बंद करा. तरी काही ठिकाणी सावल्या दिसतीलच, काही सिनेमांनी ते काम घाईतच उरकलेलं आहे.

---

कानसेन

सगळे चित्रावरच बोलतायत. पेंग येते ती कानामुळे.

दिवसभर नव्या लोकांचं बोलणं, त्यांचे उच्चार, त्यांचे ठरलेले शब्द, ऑफिसातली आद्याक्षरांची भाषा हे लक्ष देऊन ऐकून कान आधीच दमलेले. त्यात सिनेमातलं दर तिसरं वाक्य अर्धवट कळलं की डोकं आधी अंदाज बांधायला लागतं, थोड्या वेळाने तेही सोडतं. सोडलं की झोप. आवाज मोठा करून हे सुटत नाही.

कारण समजून घ्या. त्या काळचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात छापलेला असे. त्या पट्टीची खरखर झाकायला थिएटरची यंत्रणा वरच्या सुरातले, म्हणजे बारीक आवाज मुद्दाम दाबायची. १९३८ मध्ये त्याचं प्रमाण ठरलं आणि त्याला अकॅडमी कर्व्ह म्हणतात. वर दाबलं जाणार हे ठाऊक असल्यामुळे मिक्सिंग करणारे तो भाग जरा उठावदार ठेवत. आज तीच पट्टी काही न दाबता वाजवली की आवाज कर्कश लागतो आणि मागे सू-सू ऐकू येते. मग कॉपी बनवणारा कोणीतरी खरखर काढायचं सॉफ्टवेअर बेदम चालवतो. त्यात खरखरीबरोबर स, श, फ, त ही व्यंजनंही जातात, कारण ती त्याच भागात असतात. उरतो घशातून आल्यासारखा आवाज.

करायचं काय? एकाच सिनेमाच्या दोन कॉपी मिळत असतील तर थोडी खरखर असलेली निवडा, संवाद तिच्यातच कळतील. ऑडिओ मेन्यूत मूळ मोनो (सगळा आवाज एकाच वाटेने) आणि नवा ५.१ (अनेक स्पीकरांत वाटलेला) असे दोन पर्याय असतील तर मोनो. टीव्ही किंवा साउंडबारचा "सराउंड", "व्हर्च्युअल", "सिनेमा" हा सगळा मामला बंद. मोनो आवाज समोरून, मधोमध यायला हवा. हे मोड त्याला कृत्रिम घुमारा देतात आणि संवाद विहिरीतून आल्यासारखे लागतात. इक्वलायझर असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झचा भाग २-३ डेसिबल वर, १०० हर्ट्झच्या खालचा खाली, आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचा ४-६ डेसिबल खाली. १०० हर्ट्झच्या खाली घरघर आणि विजेची गुणगुण असते, संवाद फारसे नाहीत.

टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून असतात. साधे दोन स्पीकर कानाच्या उंचीवर समोर ठेवलेत तरी फरक कळेल. हेडफोनवर मोनो आवाज डोक्याच्या मधोमध बसतो आणि तासाभरात जड वाटू लागतो. हेडफोनच वापरायचे तर आवाज नेहमीपेक्षा एक-दोन घरं खाली आणि मधल्या फेडवर पाच मिनिटं कान मोकळे.

---

खातेवही

चित्र-आवाज झालं. डोक्यात घरी आणलेल्या ऑफिसचं काय? धाग्याच्या नावात नोकरी आहे आणि तिच्यावरचा इलाज अजून कोणी लिहिला नाही.

नव्या जागी डोकं अडकतं ते अर्धवट सुटलेल्या गोष्टींत. परवानगीचा अर्ज कुठवर आला, ती बाई काय म्हणाल्या होत्या, उद्या कोणाला भेटायचंय. हे सगळं सिनेमाच्या संथ प्रसंगात वर येतं. म्हणून निघायच्या आधी दहा मिनिटं वहीत काढा. तीन रकाने पुरतात: काय अडलंय, कोणाकडे, पुढचं पाऊल कधी. नोंद कृती म्हणून लिहा. "सिस्टीमचा प्रॉब्लेम" असं लिहिलं तर संध्याकाळी डोकं पुन्हा तिथेच. "लॉगिन मिळालं नाही, अर्ज सोमवारी पाठवला, बुधवारी अकरापर्यंत उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारणे" असं लिहिलं की ते बुधवारपर्यंत सुटलं.

प्रश्नही असेच साठवा. सुचला की उठून विचारायला गेलं तर शेजारचा माणूस तिसऱ्या दिवशी वैतागतो. अजिबात न विचारलं तर तिसऱ्या आठवड्यात आपणच उघडे पडतो. वीस मिनिटं स्वतः खटपट, मग वहीत, आणि दिवसातून दोनदा एकगठ्ठा विचारणं. विचारताना काय करून पाहिलं आणि पडद्यावर नेमकी कोणती ओळ आली, हे शब्दशः सांगा. सगळं थांबवणारा प्रश्न असेल तर अर्थात लगेच.

महिना भरला की वरिष्ठांना "माझं कसं चाललंय?" विचारू नका, "छान" एवढंच उत्तर मिळतं. "या महिन्यात मी केलेल्या कोणत्या दोन गोष्टी तुम्ही वेगळ्या केल्या असत्या?" असं विचारा, त्याला टाळाटाळ करून उत्तर देता येत नाही.

आता चेहरे. ऑफिसात पहिल्या आठवड्यात पंचवीस-तीस नवी माणसं. संध्याकाळी कृष्णधवल सिनेमा, त्यात सगळे पुरुष सारख्याच कोटात, सारख्याच टोप्यांत, केस सारखेच चापून बसवलेले. रंगांचा आधार नाही. गोंधळ होणारच. दोन्हीकडे इलाज एकच: कागद. ऑफिसात बसण्याच्या जागांचा कच्चा नकाशा काढून प्रत्येक चौकोनात नाव आणि एक काम. सिनेमात पहिल्या दहा मिनिटांनंतर थांबवून चारच ओळी:

मिशी, काळी टोपी: सावकार, पैसे येणं आहेत.
उंच, खांदे पाडून चालतो: थोरला भाऊ.
पांढरी कॉलर, सतत घड्याळ बघतो: कारकून, काहीतरी लपवतोय.
बाई, डावीकडे भांग: घरमालकीण, सगळं ठाऊक असलेली.

कपड्यांपेक्षा चाल, आवाज आणि हाताची सवय लिहा. कपडे पुढच्या प्रसंगात बदलतात, चाल बदलत नाही. जुन्या सिनेमांत नामावली बहुधा सुरुवातीलाच येते आणि शेवटी नुसतं "समाप्त", तेव्हा पात्र आणि नटांची पाटी आली की तिथेच थांबवून वाचून घ्या.

---

उनाड

अरे देवा. सिनेमा बघायला वही, कागद, इक्वलायझर, केल्विन! दिवसभर ट्रेनिंग आणि रात्री गृहपाठ? त्यापेक्षा पहिला महिना जुना सिनेमा बघूच नये, असं माझं स्पष्ट मत.

---

अर्धविराम

@उनाड, टीव्हीचं सगळं एकदाच करायचंय, एका सुट्टीच्या दिवशी अर्ध्या तासात. सेटिंग बऱ्याच टीव्हींत त्या पोर्टपुरतंच साठतं हे मात्र लक्षात ठेवा: पेन ड्राइव्हसाठी केलेलं डीव्हीडी प्लेअरला किंवा टीव्हीतल्या ॲपला लागू होईलच असं नाही, प्रत्येक इनपुटवर एकदा जाऊन तपासा.

पण अर्धी गोष्ट खरी. पहिल्या पंधरवड्यात नवा, म्हणजे न पाहिलेला जुना सिनेमा टाळावा. आधी पाहिलेला लावा. माणसं ओळखीची, शेवट ठाऊक, मधे डुलकी लागली तरी काही बुडत नाही. न पाहिलेला सिनेमा सुट्टीच्या दिवशी, तोही सकाळी अकराला. रात्रीचाच असायला पाहिजे असा काही नियम नाही.

---

मूकनायिका

मूकपटांवर थोडं लिहिते, कारण थकलेल्या माणसाला ते सोपे जातील असं वाटतं (संवाद ऐकायचेच नाहीत) आणि मग वेगामुळे डोकं उठतं.

हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यात एका फेऱ्यात ८ फ्रेम जात. सेकंदाला दोन फेरे म्हणजे १६ फ्रेम. १९२० च्या दशकात वेग वाढत २०-२४ पर्यंत गेला, पण ठरीव असं काही नव्हतं. १६ ने चित्रित केलेलं २४ ने दाखवलं की सगळं दीडपट पळतं, आणि लोकांची समजूत की तेव्हा माणसं अशीच टुणटुण चालायची.

तपासायची युक्ती: कोणीतरी सरळ रस्त्याने साधं चालतंय असा शॉट शोधा आणि दहा सेकंदांत पावलं मोजा. १८ ते २० आली तर वेग ठीक. २८-३० आली तर दीडपट पळतंय. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चौकोनी कंसाच्या कळांनी वेग थोडा थोडा बदलतो. १६ ने चित्रित केलेल्यासाठी ०.६७ च्या आसपास, २० ने चित्रित केलेल्यासाठी ०.८३. सोबत संगीत असेल तर तेही रेंगाळतं, मग ते म्यूट करा. तुमचं दुसरं काही मंद संगीत लावलंत तरी चालेल, तेव्हाही प्रत्येक थिएटरात वेगळंच वाजायचं.

दोन अपवाद. विनोदी मूकपटांतल्या पाठलागांत कॅमेरा मुद्दाम हळू फिरवत, म्हणजे पडद्यावर पळापळ दिसावी. तिथे वेग दुरुस्त केलात तर विनोदच मरतो. आणि काही कॉपींत वेग जुळवायला ठरावीक अंतराने एक फ्रेम दोनदा छापलेली असते. तिथे चालणारा माणूस दर क्षणाला अडखळतो. ते वेग बदलून जात नाही, दुसरी कॉपी शोधा.

---

मीनाक्षी_पाहते

अजून एक शंका. रंगीत जुने सिनेमे गुलाबी का पडतात? टीव्ही सुधारून काही होतं का?

---

रीळवाला

१९५० मध्ये ईस्टमनकलर आलं आणि एकाच पट्टीवर तिन्ही रंग बसले. स्वस्त, सोपं, पण रंगद्रव्यं कच्ची. त्यातला निळसर-हिरवा थर बहुधा सर्वात आधी उडतो, मग उरलेलं चित्र लाल-गुलाबी दिसतं. टीव्हीवर हिरवा-निळा वाढवून गेलेला रंग परत येत नाही, सावल्याच निळ्या होतात. रंग तीस-चाळीस टक्क्यांनी उतरवा, डोळ्याला जरा बरं वाटेल, एवढंच.

त्याआधीच्या तीन पट्ट्यांच्या टेक्निकलरची गोष्ट उलटी. तीन कृष्णधवल निगेटिव्ह असल्याने रंग टिकले, पण पट्ट्या वर्षानुवर्षांत कमी-जास्त आकसतात आणि एकमेकींवर नीट बसत नाहीत. चेहऱ्याच्या एका कडेला लाल आणि दुसऱ्या कडेला हिरवट किनार दिसली की ते हेच. तुमच्या टीव्हीचा दोष नाही.

कृष्णधवल सिनेमाची रंगवलेली आवृत्तीच हाती लागली तर टीव्हीचा रंग शून्यावर नेऊन पाहा. बरंचसं मूळ चित्र मिळतं, पण रंगवताना दाणे पुसून चेहरे गुळगुळीत केलेले असतात ते तसेच मेणाचे राहतात. दाणे म्हणजे घाण नव्हे, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं. म्हणून टीव्हीतलं नॉइज रिडक्शनही बंदच ठेवा.

---

झोपाळू_हत्ती

वरचं सगळं केलं, घोरणं थांबलं. आता सबटायटल्सचा घोळ. पहिल्या संवादाला अचूक, तासाभराने अडीच मिनिटं आधीच येतात. पुढे-मागे सरकवून पाहिलं, सुरुवात बिघडते.

---

चौथा_कोन

पुढे-मागे सरकवून नाही जुळणार, कारण चूक सरकण्याची नाही, वेगाची आहे. ज्या भागांत पाल ही सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत होती तिथे २४ फ्रेमचा सिनेमा सरळ २५ ने पळवत. दोन तासांचा सिनेमा ११५ मिनिटांत संपे आणि आवाज सुमारे पाऊण अर्धस्वराने चढे. गाणी ओळखीची असतील तर लगेच खटकतं. तुमची सबटायटल्स अशा २५ च्या कॉपीवर बनलेली आहेत आणि चित्र २४ चं आहे. तासाला २ मिनिटं २४ सेकंदांचा फरक पडतो. ब्लू-रेवर बहुधा खरे २४ नसून २३.९७६ असतात, तेव्हा आणखी साडेतीन सेकंद.

सबटायटल एडिट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. फाइल उघडा, फ्रेम रेट बदलायचा पर्याय निवडा. त्यात आधीचा आणि नवा असे दोन आकडे भरायचे असतात. भरून झाल्यावर शेवटच्या संवादाची वेळ बघा. ती वाढलेली हवी, १.०४ च्या पटीने. कमी झाली असेल तर आकडे उलटे पडले, अदलाबदल करून पुन्हा. मग पहिला संवाद तपासा; अर्धा-एक सेकंद इकडेतिकडे असेल तर व्हीएलसीत जी आणि एच कळांनी ५०-५० मिलिसेकंद सरकवा.

आणि सबटायटल्स आधी येण्याऐवजी तासाला अडीच मिनिटं उशिरा येत असतील तर प्रकार उलटा: पट १.०४ ऐवजी ०.९६, आणि तेव्हा तुमच्याकडची सिनेमाची कॉपीच २५ च्या वेगाने पळवलेली आहे. चांगली कॉपी मिळते का ते आधी बघा.